वरळीचा मनोरा आणि आपला टीव्ही

नमस्कार मंडळी, आज रेडिओवर बसून टीव्हीबद्दल बोलायचंय, हसू नका, कारण मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा ते आकाशवाणीचंच लेकरू होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र चालू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं, आणि आकाशवाणीतून दूरदर्शन वेगळं निघालं ते थेट १ एप्रिल १९७६ ला. म्हणजे पहिली साडेतीन वर्षं कारभार रेडिओवाल्यांचाच. वरळीचा तो उंच मनोरा तुम्ही पाहिलाच असेल, आणि पुढे सिंहगडावर मुंबईचं प्रक्षेपण पुढे पोचवणारा रिले ट्रान्समीटर बसला तसं पुणंही टीव्ही बघायला लागलं.

माझं सरळ मत आहे, हे केंद्र गाजलं ते बोलणाऱ्या माणसांमुळे, चित्र काय हो, काळंपांढरं, तेही मुंग्या आलेलं! आणि ते यावं म्हणून एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीतून ओरडतोय "आलं आलं... अरे थांब, गेलं!" पण आवाज आणि भाषा मात्र चोख. बातम्यांना विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, नंतर प्रदीप भिडे, आणि हो, स्मिता पाटीलसुद्धा आधी बातम्याच वाचायची, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची असं सांगतात, कारण फ्रेममध्ये कमरेच्या खालचं दिसतच नाही ना.

कार्यक्रम तरी किती! विनायक चासकरांचा गजरा, आकाशानंदांचं ज्ञानदीप, आमची माती आमची माणसं, साप्ताहिकी, ज्यात पुढच्या आठवड्यात काय लागणार एवढंच सांगायचे आणि लोक तेही घर भरून बघायचे, सांगा आता. चिमणराव गुंड्याभाऊमध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, ही जोडी तर घरातलीच झाली. नाटकवाली माणसं हाताशी होती, पैसे बेताचे, त्यामुळे दोन खुर्च्या आणि एक पडदा एवढ्यात भागवायचे, आणि मध्येच "व्यत्यय" अशी पाटी यायची ती वेगळीच.

बाकी १९८२ ला रंग आला, तसाच दिल्लीहून देशभर एकदम लागणारा नॅशनल प्रोग्रॅम आला आणि संध्याकाळचा चांगला वेळ दिल्लीने घेतला, मराठीला अंग चोरून बसावं लागलं. पुढे सॅटेलाइटवर मराठी चॅनल आलं आणि ५ एप्रिल २००० ला त्याचं नाव झालं सह्याद्री.

एकच गोष्ट खटकते. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवीन रेकॉर्ड करायचे, त्यात सुरुवातीचं कितीतरी पुसलं गेलं. जे वाचलंय त्यातलं बरंच सह्याद्रीवाल्यांनी यूट्यूबवर टाकलंय, जुन्या मुलाखती तर अशा निवांत आहेत की पाहुण्याला वाक्य पूर्ण करू देतात. रात्रीच्या चर्चेत सहा चौकोन एकदम ओरडायला लागले की टीव्ही बंद करा आणि त्यातली एखादी लावून बघा.