ठोक्यांचा आजार आणि घरखर्च

नमस्कार श्रोतेहो.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकणाऱ्या, रुग्णाचे ठोकेही अनियमित होऊ लागले की खर्चाचा विषय निघतो, आणि बहुतेक घरांत तो ऑपरेशनच्या बिलापाशीच थांबतो. धोकादायक लय झटका देऊन मोडणारे आयसीडी हे यंत्र बसवायला काही लाख रुपये लागतात आणि बॅटरी संपली की काही वर्षांनी ते बदलावे लागते, हे खरेच; परंतु माझ्या मते संसाराची खरी ओढाताण होते ती दरमहाची औषधे, तपासण्या आणि पुन्हा पुन्हा दाखल होणे यांमुळे.

या रुग्णांत नेहमी आढळणारा दोष म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, आणि हा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते. वॉरफेरिन स्वस्त आहे, पण त्यासाठी रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. पुण्यात हडपसरहून ससून या सरकारी रुग्णालयात यायचे तर सोबत येणाऱ्या मुलाचाही दिवसाचा रोजगार बुडतो, आणि तो खाडा कोणत्याच बिलात दिसत नाही.

महिनाअखेरीस मेडिकलच्या दुकानात ‘या वेळी अर्धीच स्ट्रिप द्या’ असे सांगणारी माणसे आपण पाहतो. वगळली जाते ती बहुधा रक्त पातळ करणारी हीच गोळी, कारण तिने दम कमी झाल्याचे किंवा पायांची सूज उतरल्याचे जाणवत नाही. पुढे पक्षाघात झालाच, तर फिजिओथेरपी आणि सांभाळायला ठेवलेला माणूस यांपुढे वाचवलेले पैसे काहीच नसतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांना. रोजची गोळीही त्यात यायला हवी, असे मला कळकळीने वाटते. तोवर स्वस्त औषधांच्या सरकारी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक, म्हणजे ब्रँडचे नाव नसलेली, गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. त्यासाठी रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला घेऊन, बिल तयार होण्याआधी, दाखल होतानाच तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.