मेंदूतला गुंता: ग्लू की ओनिक्स?

नमस्कार मंडळी, खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, जिथनं ऐकताय तिथनं जरा लक्ष द्या. मेंदूत एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, निघाला की घरचे पार हादरतात आणि म्हणतात, डॉक्टर, भारीतलं मटेरियल घाला, पैशाचं आम्ही बघतो, ऊसबिल यायचंच आहे. मला त्यावरच बोलायचंय.

एव्हीएममध्ये धमनी आणि शीर यांच्यामधली केशवाहिन्यांची जाळीच नसते, जोरातलं रक्त थेट शिरेत घुसतं, म्हणून फुटायची भीती, वर्षाला साधारण शंभरात २ ते ४ जणांना. जांघेतनं बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन तो गुंता आतनं बुजवायचा, हे एम्बोलायझेशन. बुजवायचं मटेरियल दोन तऱ्हेचं, ग्लू आणि ओनिक्स.

ग्लू म्हणजे एनबीसीए, रक्त लागलं की काही सेकंदात घट्ट. म्हणून त्यात लिपिओडॉल हे एक्स-रेवर दिसणारं तेल मिसळतात, नळी डेक्स्ट्रोजनं, म्हणजे साखरेच्या पाण्यानं धुतात, सलाईन राहिलं तर नळीतच गोठायचं. घातलं की नळी लगेच ओढायची, नाहीतर चिकटली. पण रक्ताचा जोर जास्त असेल तिथं ग्लूच उपयोगी पडतो.

ओनिक्स आधी वीसेक मिनिटं मशीनवर हलवावं लागतं, नाहीतर त्यातली टँटलम धातूची काळी पूड तळाला बसते आणि एक्स-रेवर ते नीट दिसत नाही. आत गेलं की काकवीसारखं सावकाश सरकतं, मग थांबून, फोटो बघून परत ढकलता येतं, हा मोठा फायदा. पण ते ज्यात विरघळवलेलं असतं ते डीएमएसओ घाईनं सोडलं तर रक्तवाहिनी आकसते, आणि ओनिक्स मागं येऊन जमलं तर ही नळीसुद्धा अडकते. नंतर पेशंटच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, तो डीएमएसओचा, घाबरू नका हं.

अमेरिकेत ग्लूला २००० साली आणि ओनिक्सला २००५ साली मंजुरी मिळाली, २०१० मध्ये छापलेल्या तुलनेत गुंता कमी करण्यात दोन्ही जवळजवळ बरोबरीचे ठरले. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, भारीतलं कुठलं ते विचारत बसू नका, हे घातल्यावर पुढं काय, ऑपरेशन की गॅमा नाईफ, म्हणजे नेमक्या जागी किरणांचा उपचार, ते विचारा, कारण नुसत्या एम्बोलायझेशननं सगळा गुंता बंद होणं बऱ्याच जणांत जमत नाही आणि अर्धवट राहिला तर धोका जात नाही. आणि न फुटलेला असेल तर आत्ता काही करायचंच का, हेही विचारा, २०१४ च्या अरुबा अभ्यासात नुसत्या औषधांवर ठेवलेले पेशंट त्या काही वर्षांत जास्त सुखरूप राहिले होते.

कोल्हापूरला जा नाहीतर हुबळीला, अँजिओची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, टँटलममुळं सीटीवर पांढरी चमक पडते आणि आत काय घातलंय ते नव्या डॉक्टरला आधी कळलेलं बरं.