क्रॉफर्ड तळ्याचा गाळ

(दृश्य: दाट झाडीतलं लहानसं तळं)

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं हे क्रॉफर्ड तळं. आकार म्हणाल तर जेमतेम अडीच हेक्टर, खोली मात्र २० मीटरच्या वर. इतक्या लहान तोंडाच्या खोल तळ्यात वरचं पाणी तळापर्यंत ढवळलंच जात नाही. तळाशी जे बसलं, ते बसलं.

उन्हाळ्यात पाणी तापलं की कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचे, पांढरे कण खाली उतरतात. थंडीत त्यावर काळपट सेंद्रिय गाळ साचतो. एक पांढरा पापुद्रा, एक काळा, की झालं एक वर्ष!

(दृश्य: गाळाचा पट्टा, जवळून)

पोकळ धातूच्या नळ्यात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि अल्कोहोल भरून तो तळात रुतवतात. गाळ गोठून त्याला चिकटतो. वर ओढला की वर्षं बोटाने मोजावीत, इतक्या स्पष्ट रेघा दिसतात.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या रेघांमध्ये प्लुटोनियमचं प्रमाण वाढू लागतं. अणुचाचण्या झाल्या हजारो किलोमीटर दूर, धूळ उतरली इथे. या प्लुटोनियमचं अर्धं आयुष्यच २४ हजार वर्षांचं, म्हणजे ते निम्मं व्हायलाच तेवढी वर्षं लागतात. सोबतीला कोळसा आणि तेल जाळून उडालेले काजळीचे सूक्ष्म गोळे. निसर्गात ते आपोआप तयार होत नाहीत.

माणसाने पृथ्वीवर नवं युग आणलं, त्याला ‘अँथ्रोपोसीन’ म्हणावं, हा विचार नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनी २००० मध्ये मांडला. जुलै २०२३ मध्ये त्या युगाची सुरुवात दाखवणारी जागा म्हणून याच तळ्याचं नाव पुढे आलं. मार्च २०२४ मध्ये भूवैज्ञानिकांनी प्रस्ताव मतदानाने फेटाळला. त्यामुळे अधिकृतपणे आपण आजही ‘मेघालयन’ कालखंडातच आहोत. त्याची सुरुवात ४२०० वर्षांपूर्वीची, आणि तिची खूण आपल्या मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात आहे.

नकारामागचा एक आक्षेप मला मनापासून पटतो. माणसाने जमीन बदलायला १९५० ची वाट पाहिली नव्हती. शेती आली, जंगलं तुटली, तेव्हाच ते सुरू झालं. पण म्हणून प्लुटोनियमची रेघ पुसली जात नाही. नाकारली गेली ती तारीख.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली परागकण)

आणि या आक्षेपाचा पुरावा याच तळ्यातही सापडतो. याच गाळात, बरंच खाली, मक्याचे परागकण मिळाले. मका आपोआप उगवत नाही, म्हणजे जवळपास कुणीतरी शेती करत असणार. त्या मागावर उत्खनन झालं, तेव्हा कित्येक शतकांपूर्वीच्या आदिवासींचं गाव सापडलं. त्यांची लांबलचक घरं तळ्याजवळच होती.