‘साव’ म्हणजे प्रामाणिक, मग सावकार बदनाम कसा झाला?

रामराम मंडळी! चाळीसगावपासून रावेरपर्यंत एकच प्रश्न येतोय: ‘सावकार’ हा शब्द ‘सावज’वरून आला ना? नाही हो! साव म्हणजे प्रामाणिक, चोराच्या उलट. ‘सावपणाचा आव आणतो’ म्हणतो ना, तोच साव. सावकार म्हणजे चोख व्यवहाराचा व्यापारी. झालं.

गाडी अडते ती पुढे. साव हा ‘साधु’चाच अवतार, हे कुणाला पटतच नाही. साधु, साहु, साव. मधला ‘ध’ गेला कुठे? ताटात बघा: दधिचं दही, गोधूमाचा गहू. सातपुड्यात बघा: मधूकाचा मोह, म्हणजे मोहाचं झाड. बधिर होता, तो बहिरा झाला. सगळीकडे ‘ध’चा ‘ह’. आणि ‘हु’चा ‘व’? तुमच्या ओट्यावर पाहुणा येतो की पावना? तसाच साहुचा साव.

तरी एका दादांची तिसऱ्यांदा कमेंट, ‘फारसी शाहवरून आला.’ दादा, तो शाह म्हणजे बादशहा. गुजराती आडनावातला शाह मात्र याच साधुच्या घरचा. आणि सावकारावरचा राग एखाद्या अख्ख्या समाजावर काढणाऱ्या कमेंट मी काढून टाकतो, पुढेही टाकीन.

आता बदनामी. इंग्रजी अमलात शेतसारा रोखीत भरायचा. पीक बुडालं तरी हप्ता आलाच. मग कर्ज, व्याज, आणि शेवटी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन जमीन सावकाराच्या नावावर. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी कर्जखतंच जाळली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शब्द तोच राहिला, ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा यायला लागला.

आमच्या घरी आजोबांचा एक कागद आहे. घडीवर फाटलेला, खाली जांभळ्या शाईचा अंगठा. कपाशीच्या बियाण्यासाठी घेतलेले पैसे. आजी सांगायची, दारात सायकल वाजली की कुणीतरी हळूच म्हणायचं, “सावकार उना!” म्हणजे आला, आणि आजोबा खाटेवरून उठून उभे राहायचे. नाव मानाचं, कारण ज्याच्याकडे आपला अंगठा पडलाय त्याला दुसरं काय म्हणणार? मानाचा शब्द भीतीचा होतो तो असा, माझं तरी हेच मत आहे.

आज २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना लागतो. बातम्यांत रोज ‘अवैध सावकारी’ वाचतो. त्यात साधु दडलाय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

तुमच्या गावात नुसता ‘साव’ अजून कुणी बोलतं का? आजी-आजोबांना विचारा आणि ते म्हणतात तसंच, अहिराणीत, खाली लिहा.