घराला चाकं असतात

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांची कल्पकता हा आजचा विषय. घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल, तर त्याची चित्रकलेची वही जरा जवळ घ्या. दोन डोंगर असतील. मधून अर्धा सूर्य वर येत असेल. डोंगरातून नदी, नदीकाठी कौलारू घर, घरामागं नारळाचं झाड, आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. आमच्या गावात नदी नाही, कौलारू घर नाही, नारळ दिसतो तो देवळात फोडताना. तरी आमच्या मुलांच्या वह्यांत हेच चित्र. कारण कुणीतरी एकदा ते फळ्यावर काढून दिलं, मुलांनी उतरवलं, आणि शाबासकी मिळाली. मूल हुशार असतं. ज्याला शाबासकी मिळते, तेच ते पुन्हा करतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, आणि शेवटचंही तेच असेल: मुलांसमोर तयार नमुना ठेवू नका. तयार नमुना नको.

आता त्या मुलीची गोष्ट सांगतो.

दसरा झाला की आमच्याकडे निम्म्या गावाला कुलूप लागतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला साखर कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. काही लेकरं आजीजवळ राहतात, काही आईबापांबरोबर जातात. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे सगळे परत. तशी परत आलेली एक मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती.

सुट्टी लागायच्या आधी मी वर्गाला सांगितलं, ‘माझं घर’ काढा. फळ्यावर एक रेघही ओढली नाही. तरी वर्गभर डोंगर उभे राहिले. हिच्या कागदावर मात्र घराला दोन चाकं होती. वर ताडपत्री, पुढं दोन बैल, मागं लोंबकळणारी घागर, आणि सगळ्याच्या वर बसलेली कोंबडी. शेजारचा मुलगा ओरडला, “गुरुजी, हिच्या घराला चाकं!” वर्ग हसला. तिनं मान खाली घातली नाही. म्हणाली, “असत्यात. आमचं घर गाडीत बसतं. बांबू, चटया, चूल, समदं. कारखान्यावर गेलं की खाली उतरतं.”

मी म्हटलं, “अगं, मग करून दाखव की.”

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीची धांडं घेऊन आली. दातानं साल सोलली, सालीच्या काड्या केल्या, आतलं पांढरं भेंड मोडून त्यात त्या टोचल्या, आणि गाडीचा साटा उभा राहिला. तुटक्या स्लिपरच्या टाचेतून भावाकडून चाकं कापून आणली होती. कण्याला तुराटीची काडी. चाक निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना बाभळीचे काटे.

मग त्यात घर भरायचं काम सुरू झालं. तोवर आख्खा वर्ग भोवती गोळा झालेला. एकानं मातीची चूल मागच्या कडेला ठेवली. गाडीचं तोंड वर झालं. ती म्हणाली, “उलाळ झाली.” दुसऱ्यानं चूल उचलून पार पुढं ठेवली, तर गाडी धुरजड होऊन मातीचे बैल खाली बसले. मग ती एकेक बोट चूल मागं सरकवत गेली, आणि कण्याच्या थोडी पुढं थांबली. म्हणाली, “जरा पुढंच लागतं वजन. मागं झालं तर सापती बैलाच्या गळ्याला लागती.” सापती म्हणजे जुवाला बांधलेला, बैलाच्या गळ्याखालून जाणारा पट्टा.

तरफ, टेकू, भार हे सगळं पुस्तकात पुढच्या इयत्तांमध्ये येतं. त्या मुलीच्या बोटांना ते तिसरीतच कळलेलं होतं. आणि नीट लक्षात घ्या श्रोतेहो, वर्गातल्या बाकीच्या मुलांचे डोंगर त्या दिवसापासून गेले. एकीनं लिंबाखालची बाज काढली. आदल्या दिवशी हसलेल्या मुलानं स्वतःच्या घराचे पत्रे काढले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेल्या दगडांसकट. मी कुणालाही ‘छान काढ’ म्हटलं नव्हतं. फक्त नमुना दिला नव्हता. तयार नमुना नको, तो असा.

जाता जाता एक बोलतो. आता शिवारभर सोयाबीन झालंय. सोयाबीनच्या काडाची गाडी होत नाही. ज्वारी पुन्हा पेरली पाहिजे, भाकरीसाठी, कडब्यासाठी, आणि पोरांच्या हातात धांडं यावं म्हणूनही. शेतकरी भावाला हिशेब परवडेल तेव्हाच ते होईल हे मला कळतं, पण माझं मत मी सोडणार नाही.

तर हाताशी असेल त्यातून शिकवणं, हे आपल्याकडे थोर माणसांनी करून ठेवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी बालवाडी सुरू केली, पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं नकोत म्हणून शिंपले, बिया, खडे वापरले. मुलं गुरांमागं रानात जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली. घरी करून बघा: काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो. मुलाला ‘का’ ते सांगू नका. त्याला छताची कैची, विजेचा मनोरा बघू दे.

घरासाठी मी एवढंच सांगेन. एक खोकं ठेवा. त्यात सुतळी, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, लग्नपत्रिका, जुनी बटणं. आणि शाळेतून प्रकल्प आला की थर्माकोलचं घर दुकानातून विकत आणू नका. आईनं रात्री जागून केलेल्या प्रकल्पाला पहिला नंबर देणाऱ्या शाळांवर माझा खरोखर राग आहे. त्यात मूल काय शिकलं? वाकडं होऊ दे, पण त्याचं होऊ दे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. मुलाच्या चित्रावर लाल पेननं गुण लिहू नका. चित्र उलटं करा, मागे तारीख घाला, आणि मुलाला विचारा, “हे काय आहे?” ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत मागे लिहून ठेवा. ‘असत्यात’ म्हणालं तर ‘असत्यात’च लिहा. वर्षाअखेरीला आईवडील शाळेत येतील तेव्हा गुणपत्रकाबरोबर हे कागदही त्यांच्या हातात द्या.

नमस्कार.