गावालाही कोत हवा

श्रोतेहो, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. त्यातली बरीच वर्षं नव्या पोरांना हत्यार शिकवण्यात गेली. आज बंदुकीबद्दल बोलायचं आहे ते त्या अनुभवावरून, आणि त्याहून जास्त आमच्या शिवारात एका रात्री जे बघितलं त्यावरून.

आपल्या भागात घराघरांत फौजी आहेत, त्यांना 'कोत' हा शब्द सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कोत म्हणजे पलटणीतली हत्यारांची कोठडी. जवान कितीही जुना असो, छावणीत रायफल त्याच्या खाटेखाली नसते, कोतात कुलपात असते. सही करून घ्यायची, काम झालं की साफ करून सही करून परत द्यायची. रेंजवर गोळ्या मोजून मिळतात आणि फायरिंग झाल्यावर रिकामे खोके, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणाऱ्या पितळी नळ्यासुद्धा, मोजून परत घेतात. एकदा एक खोका कमी भरला, तर चाळीस पोरं अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. शेवटी एकाच्या बुटाच्या घडीत सापडला. ज्यांना सरकार पगार देऊन हत्यार चालवायला शिकवतं, त्यांच्यावरही एवढी नजर असते. त्या शिस्तीचा आम्हाला कधी अपमान वाटला नाही.

आणि सुट्टीला घरी आलो की माजघरात काय दिसायचं? खुंटीला बाबांची ठासणीची बंदूक. भरलेली.

भरलेली का, तेही सांगतो, कारण ज्यांच्या घरी ती नाही त्यांना हे ठाऊक नसतं. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजानं ठासायचं. मागं निपलावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक तोटीवर, ठिणगी पाडणारी टोपी बसवली की बंदूक तयार. एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. डुक्कर आलंच नाही तर? मध्यरात्री उगाच बार कोण काढणार? मग टोपी तेवढी काढायची आणि बंदूक तशीच खुंटीला अडकवायची. कधी टोपी काढायचीही राहून जाते. खाली पोरं खेळत असतात. आपल्या पावसाळ्यात दारूला ओल धरते, बार लागत नाही, आणि का लागत नाही म्हणून माणूस नळीच्या तोंडाकडून बघायला जातो. रेंजवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं असतं.

आता त्या रात्रीबद्दल. भाताची कापणी आठ दिवसांवर आली होती आणि मी सुट्टीवर होतो. आमच्या भावकीतले दोघं भाऊ राखणीला गेले होते, थोरला माळ्यावर बंदूक घेऊन आणि धाकटा खाली डबा वाजवत. दव पडलं होतं, चांदणं नव्हतं. धाकटा खालच्या बांधावर गेला आहे असं थोरल्याला वाटलं. तो गेला होताही, पण विडीसाठी काडेपेटी मागायला परत फिरला. पीक हललं आणि थोरल्यानं बार काढला. डुक्कर ओरडेल म्हणून कान लावून बसला होता. ऐकू आलं ते "दादा".

त्याच्याच घोंगड्यात घालून आम्ही चौघांनी त्याला रस्त्यापर्यंत आणलं. एक टोक माझ्या हातात होतं. गाडी मिळाली, पण दवाखाना यायच्या आधी तो गेला. पुढं पंचनामा झाला, कोर्ट झालं. थोरला आज जिवंत आहे. अंधार पडला की तो घराबाहेर येत नाही. त्याचा परवाना पक्का होता आणि नेमही चांगला होता. शिवारातल्या कुणालाही विचारा, असा सालस माणूस नाही. बंदुकीनं नुकसान करायला माणूस वाईट असावा लागत नाही, अंधार आणि घाई पुरते.

बंदुकीला माझा सरसकट विरोध नाही. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताचं खाचर कसं लोळवतो, गवा उसात शिरला की काय उरतं, हे जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला मी काय सांगणार? शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यायची सोय त्या कायद्यातच आहे. ती आहे राखणीपुरती. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. पण राखणीचा हंगाम वर्षातले काही महिने आणि बंदूक खुंटीला बाराही महिने, हे मला पटत नाही. हंगाम संपला की ती घरात कशाला हवी?

म्हणून माझं मागणं आहे की गावालाही कोत असावा. दर चार-पाच गावांमागं पोलीस चौकीत एक कुलूपबंद खोली आणि एक रजिस्टर. पीक भरायला लागलं की सही करून बंदूक न्यायची, मळणी झाली की रिकामी करून परत द्यायची. हंगामात घरीसुद्धा ती कुलपात, आणि दारू-छर्रे दुसऱ्या कुलपात. लोक म्हणतील, हे जमायचं नाही. अहो, जमतं! निवडणूक लागली की आपण काय करतो? २०२४ च्या लोकसभेला मार्चात आचारसंहिता लागली, ७ मे ला आपल्याकडे मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. त्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, चिठ्ठी बांधतात, पावती देतात. म्हणजे जागा आहे, रजिस्टर आहे, सवयही आहे. मतपेटीसाठी जे करतो ते घरातल्या पोराबाळांसाठी का करू नये?

दूरचं एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर इथं एका माणसानं ३५ जणांना गोळ्या घातल्या. तिथल्या सरकारनं दोन आठवड्यांच्या आत नियम बदलायचं ठरवलं आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन लोकांकडून परत घेतल्या. तो देशही शेतकऱ्यांचा, तिथंही रानडुकरं आहेत. शेतकऱ्याला बंदूक आजही मिळते, पण कारण दाखवावं लागतं आणि ती कुलपात ठेवावी लागते. 'स्वतःच्या संरक्षणासाठी' हे कारण तिथं चालत नाही. मला ते योग्य वाटतं. घरातली बंदूक चोराच्या आधी घरच्या माणसाच्या हाती लागते. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी ती स्वतःवरच चालवली होती. कर्जानं, भांडणानं, दारूनं खचलेल्या माणसाची एक वाईट रात्र टळली तर सकाळी शेजारीपाजारी त्याला सावरू शकतात. बंदूक हाताशी असली की ती सकाळच येत नाही. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल तर बंदूक आजच घराबाहेर काढा, आणि त्या माणसाजवळ बसा.

तरुण पोरांनो, वाढदिवसाला तलवारीनं केक कापून व्हिडिओ टाकता, आता काही जण कमरेचा गावठी कट्टाही दाखवतात. आपलं बेळगाव कोल्हापूर आणि धारवाडच्या मध्ये आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. पानसरे चार दिवसांनी गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड अभ्यासक एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात मारलं. दोन्ही म्हातारी माणसं, आयुष्यभर लिहीत-बोलत आलेली. कट्टा कशाला लागतो ते ह्यावरून समजा. विनापरवाना हत्यार बनवणं आणि विकणं ह्याला कायद्यात सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आणि वरातीत बार काढणाऱ्यांनो, २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणारा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी कौलावर नाहीतर डोक्यावर उतरतेच.

त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, आपली बंदूक जमा करू. बाबा म्हणाले, "आणि डुकरं काय तू हाकणार?" मी म्हटलं, सुट्टी आहे तोवर मी हाकतो, पुढं झटक्याचं सौर कुंपण घालू. ते काही बोलले नाहीत, खुंटीवरून बंदूक काढली. बाप-लेक शेतात गेलो. बाबांनी नळी बांधाच्या मातीकडे रोखून चाप ओढला. टोपी फुसकी गेली. बाबा वळायला लागले, मी ओरडलो, हलू नका. ओल्या दारूचा बार उशिरानंही उडतो. नळी बांधाकडेच ठेवून मी साठपर्यंत आकडे मोजले. मग नवी टोपी लावली, आणि बार झाला. पाच पावसाळे ती तशीच भरलेली होती, हे बाबांनी परतताना सांगितलं.

तुमच्याकडे आजोबांच्या नावची बंदूक असेल आणि आजोबा हयात नसतील, तर ती घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. वारसानं ठाण्यात जमा करावी, हवी असेल तर स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करावा. फक्त एक करा. ती भरलेली आहे की नाही हे नक्की ठाऊक नसेल तर खुंटीवरून काढू नका, गज घालून बघू नका, मोटारसायकलवर आडवी टाकून तर मुळीच नेऊ नका. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, दाराला कडी घाला आणि ११२ ला फोन करून, नाहीतर जवळच्या ठाण्यात जाऊन सांगा, की घरात भरलेली बंदूक असावी, माणूस पाठवा.

नमस्कार.