चौथ्या पायाची नाल

आजचं व्याख्यान आयर्लंडमधल्या शेतजमिनीबद्दल आणि तिचा अभ्यास करणाऱ्या एका भूगोलवाल्याबद्दल आहे, पण सुरुवात एका घोड्यापासून करतो. आयर्लंडच्या अगदी वायव्य टोकाला डोनेगॉल नावाची काउंटी आहे, तिथे गुईडोर म्हणून भाग आहे, समुद्राकाठचा, दगड आणि दलदल यापलीकडे फारसं काही नसलेला. १८३८ मध्ये लॉर्ड जॉर्ज हिल नावाच्या जमीनदाराने तिथली जमीन विकत घेतली आणि १८४५ मध्ये तिथल्या कुळांबद्दल एक छोटं पुस्तक छापलं. त्यात तो सांगतो की तिघांच्या मालकीचा मिळून एक घोडा होता, प्रत्येकाने आपापल्या वाटणीच्या पायाला नाल मारून घेतली, आणि चौथा पाय कुणाचाच नाही म्हणून तसाच राहिला. घोडा बाद.

हसू येतं ना, मलाही पहिल्यांदा वाचताना आलं होतं. पण हे सांगतोय कोण ते बघा. ज्याला कुळांची जुनी वाटणी मोडून नवी आखणी करायची होती तो माणूस सांगतोय. ही माणसं कशी वेडी आहेत हे पटवण्यासाठीच तो किस्सा तिथे आहे. तो आणखी सांगतो की अर्ध्या एकराच्या एका शेतात २६ जणांचे हिस्से होते, आणि एका गरीब माणसाचे तुकडे ३२ ठिकाणी विखुरले होते, ते शोधून शोधून तो इतका वैतागला की सगळं सोडूनच दिलं. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा ज्यांच्या सातबाऱ्याला आडवा आलाय त्यांना हे फार परकं वाटणार नाही, असो.

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे या. त्याच डोनेगॉलमध्ये १९३० च्या दशकात एक तरुण भूगोलवाला हिंडतोय, आणि त्याला त्याच तुकड्यांमध्ये वेडेपणा नाही, एक व्यवस्था दिसते. एमिर एस्टिन एव्हान्स. आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे, आणि तो कुठे चुकला त्याबद्दलही आहे.

एव्हान्सचा जन्म १९०५ चा, श्रूजबरीचा. हे गाव इंग्लंडमध्ये, पण वेल्सच्या सीमेला लागून, आणि घर वेल्श. म्हणजे सीमेवरचं पोर, आणि सीमेवरच्या पोरांना 'आपण नक्की कुठले' हा प्रश्न लवकर पडतो असं माझं आपलं मत. शिकला वेल्समधल्या ॲबरिस्टविथला, भूगोलाचे प्राध्यापक एच. जे. फ्लर यांच्या हाताखाली. हा फ्लर म्हणजे जबरदस्त मास्तर. त्याच्याकडून निघालेले तिघे बघा, ई. जी. बोवेनने वेल्समधल्या जुन्या संतांच्या नावाची चर्चेस नकाशावर मांडली, इयोरवर्थ पीटने कार्डिफजवळ सेंट फॅगन्सचं लोकजीवन म्युझियम उभं केलं, १९४८ साली, आणि तिसरा आपला एव्हान्स, जो १९२८ मध्ये तेविसाव्या वर्षी बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत भूगोल विभाग सुरू करायला गेला आणि पुढचं आयुष्य तिथलाच झाला. (फ्लर लोकांच्या डोक्याची मापंही घ्यायचा, कुठल्या गावात कुठल्या 'वंशाची' डोकी आहेत म्हणून. ते आज वाचवत नाही. पण त्या काळच्या भूगोलात हे सगळं एकाच पिशवीत असायचं.)

पोस्टरवर माझ्या विषयाचं नाव 'सेल्टिक लँडस्केप' असं छापलंय, त्याबद्दल दोन शब्द. ग्रीक-रोमन लेखकांनी ब्रिटन-आयर्लंडमधल्या लोकांना कधी सेल्ट म्हटलेलं नाही, सेल्ट म्हणजे त्यांच्या लेखी समोरच्या मुख्य भूमीवरचे, गॉलकडचे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे. वेल्श, ब्रेटन, कॉर्निश, आयरिश या भाषांचं नातं एकत्र मांडलं ते एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने, १७०७ मध्ये, आणि त्यानंतर भाषेचं लेबल हळूहळू माणसांना चिकटलं, मग घरांना, मग डोंगरांना, आता पबला पण आहे. गंमत म्हणजे एव्हान्सला स्वतःला हा शब्द फारसा मानवत नव्हता. त्याचं म्हणणं, सेल्टिक भाषा घेऊन आलेले लोक हा वरचा पातळ थर आहे, खालचा शेतकरी त्याहून कितीतरी जुना, ज्याने मोठमोठ्या शिळा उभ्या करून थडगी बांधली तो. त्या थडग्यांचं उत्खनन त्याने स्वतः केलेलं होतं, त्यामुळे हातात खापरं धरून बोलायचा तो.

तर डोनेगॉलमध्ये त्याला काय दिसलं. दहा-पंधरा घरांचा एक घोळका, रस्त्याला धरून नाही, चर्च नाही, दुकान नाही, घरं कशीही वाकडीतिकडी एकमेकांना पाठी लावून बसलेली, आणि राहणारे बहुतेक एकमेकांचे नातेवाईक, आपल्या भाषेत भावकी. याला त्याने क्लॅखन म्हटलं. घोळक्याभोवती चांगली जमीन, तिच्यात दरवर्षी पीक, तिला शेणखत आणि किनाऱ्यावरून पाठीवर वाहून आणलेलं समुद्री शेवाळ. त्या जमिनीला मधे कुंपण नाही, नुसत्या पट्ट्या, आणि प्रत्येक घराला थोडी चांगली पट्टी, थोडी मध्यम, थोडी दगडाळ, थोडी पाणथळ, म्हणजे कुणाच्या वाट्याला नुसता खडक नको आणि कुणाला नुसतं लोणी नको. काही ठिकाणी ठराविक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पट्ट्या बदलायच्या. पलीकडे अधूनमधून पेरायची हलकी जमीन, आणि त्याच्या वर डोंगराचं सामाईक गायरान, तिथे कुणी किती गुरं सोडायची याचा हिशोब ठरलेला. पीक निघालं की सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या खुंटांवर. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर, बरोबर पोरी, तिथेच झोपड्यांत राहून लोणी काढायचं. या पूर्ण पद्धतीला रनडेल म्हणतात. आता ते ३२ तुकडे परत आठवा. वाटणीचं तत्त्व डोळ्यांसमोर ठेवलं तर ३२ तुकडे होणारच की, चार पिढ्यांत तीच चांगली-वाईट जमीन मुलांमध्ये न्यायाने वाटत गेलात तर दुसरं काय होईल.

एक स्लाइड दाखवतो. हा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे सरकारी जमीनमोजणी खात्याचा जुना नकाशा, एका मैलाला सहा इंच. आयर्लंडची ही मोजणी १८२४ ला सुरू झाली आणि १८४६ पर्यंत सगळ्या बेटाचे नकाशे छापून झाले. जाता जाता, आपला जॉर्ज एव्हरेस्ट, हो शिखरवालाच, १८२९ मध्ये ही मोजणी बघायला मुद्दाम आयर्लंडला गेला होता आणि बेसलाइन, म्हणजे मोजणीची पायाची रेघ, मोजायचे तिथल्यासारखे धातूचे बार त्याने भारतातल्या मोजणीसाठी आणले. आता नकाशात इथे बघा, काळे ठिपके, जसं कुणी मूठभर मोहरी एका जागी सांडलीय. तो क्लॅखन. त्याच्या आजूबाजूला शेतांच्या रेषाच नाहीत, कारण कुंपणंच नव्हती. आता त्याच जागेचा नंतरचा नकाशा वर ठेवतो. मोहरी गेली. घरं रस्त्याच्या कडेने एकेक सुटी सुटी, आणि प्रत्येक घरामागून एक लांबट पट्टा डोंगरावर सरळ चढत गेलेला, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे बांध घातलेला, त्यांना लॅडर फार्मच म्हणतात. मधल्या काळात जमीनदारांनी, आणि १८९१ नंतर सरकारच्या कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने (दाटीच्या, गरीब भागांसाठी नेमलेलं मंडळ), रनडेल मोडून ही आखणी केली. आज टूरिस्ट जे आयरिश दृश्य म्हणून फोटो काढतो, दगडी बांध आणि एकटं पांढरं घर, ते बऱ्याच ठिकाणी या आखणीचं आहे. शंभर ते दोनशे वर्षांचं.

इथे एव्हान्सने उडी मारली. त्याला वाटलं आपल्याला फार पुरातन काहीतरी सापडलंय, इतिहासपूर्व काळापासून चालत आलेलं, कोपऱ्यात टिकून राहिलेलं. मोह समजू शकतो. माणूस शिळांच्या थडग्यावरून उतरतो, खाली दगडी घरांचा घोळका दिसतो, दोन्ही एकाच दगडाचे, मग मनात रेघ ओढली जातेच. पण नंतरच्या अभ्यासकांनी, केविन व्हेलन त्यातला महत्त्वाचा, कागदपत्रं काढून दाखवलं की पश्चिमेकडचे पुष्कळ क्लॅखन १८ व्या शतकाच्या शेवटी आणि १९ व्याच्या सुरुवातीला वाढलेले आहेत आणि त्यांचं कारण आहे बटाटा. बटाट्याला वाईट जमीन चालते, वरंबे करून खाली शेवाळ घातलं की दलदलीच्या काठावर सुद्धा येतो, त्यामुळे ज्या डोंगरउतारावर आधी कुणी कायम राहत नव्हतं तिथे माणसं चढली, आणि चढताना रनडेलची पद्धत बरोबर घेऊन गेली कारण भांडवल नसलेल्या माणसांना मिळूनच जमीन फोडता येते. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला. १८५१ ला जनगणना ६५ लाखांवर आली, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. एव्हान्सला डोनेगॉलमध्ये दिसले ते या तडाख्यातून उरलेले तुकडे. त्याने ते अवशेष फार जुने समजले, असं माझं मत, आणि त्याच्या डोळ्यांसमोरचा अगदी अलीकडचा दुष्काळ त्यात जरा पुसट झाला. अजून एक, क्लॅखन हा शब्द मुळात स्कॉटलंडकडचा. आयर्लंडमधले बरेच लोक स्वतःच्या वस्तीला नुसतं गाव म्हणायचे.

मग त्याला टाकून द्यायचं का? नाही, कारण त्याचा खरा मुद्दा वेगळा आहे. अल्स्टर म्हणजे आयर्लंडचा उत्तर भाग, १९२१ ला त्यातल्या नऊ काउंटीपैकी सहा घेऊन नॉर्दर्न आयर्लंड झालं, आणि तिथली माणसं दोन गटांत वाटलेली, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, आयरिश आणि ब्रिटिश. एव्हान्स म्हणायचा झेंडे आणि लढायांची यादी बाजूला ठेवा, माणसं माती कशी कसतात ते बघा, तिथे हे दोघे शेजारी एकच आहेत. आणि अल्स्टर वेगळं का, तर दक्षिणेला ड्रमलिनचा पट्टा आहे, हिमनदीने सोडलेल्या मातीच्या बुटक्या टेकड्या, टोपलीत अंडी ठेवावीत तशा हजारो, मधे चिखल आणि तळी, जुन्या काळी ओलांडायला नको नको व्हायचं. टीकाकार लगेच म्हणाले की हा फाळणीला भूगोलाचा दाखला देतोय. थोडं तथ्य आहे त्यात, प्रदेशाचं 'व्यक्तिमत्त्व' म्हटलं की कुणीतरी त्याला कुंपण घालतोच. पण ड्रमलिनचा पट्टा त्या नव्या सीमेवर थांबत नाही, मोनाहन, कॅव्हनमधून सरळ जातो, आणि एव्हान्सचं आवडतं डोनेगॉल तर सीमेच्या पलीकडेच राहिलं. जमीन कुणाकडून काढून कुणाच्या नावावर झाली, कोण बाहेरून येऊन वसला आणि कोण बेघर झाला, हा भाग मात्र त्याने हळूच टाळला, तिथे मी टीकाकारांच्या बाजूने.

त्याची सगळ्यात आवडती वस्तू सांगतो, स्पेड. स्पेड म्हणजे आपलं फावडं नव्हे, फावडं आपण स्वतःकडे ओढतो, स्पेड सरळ दांड्याचा, उभा धरून पायाने दाबून जमिनीत घुसवायचा. काही स्पेडना पाय ठेवायला एकाच बाजूला टेकू, काहींना दोन्हीकडे, दांडा कुठे लांब कुठे आखूड, पातं कुठे अरुंद कुठे किंचित वळलेलं, आणि पाणचक्कीवर स्पेड बनवणारे कारखाने प्रत्येक भागाचा वेगळा नमुना ठेवायचे कारण त्या गावचा माणूस दुसऱ्या गावचा स्पेड हातात धरायचा नाही. माती वेगळी, सवय वेगळी, पाठ वेगळ्या ठिकाणी दुखते. आणि यातूनच म्हणे तिथला एक वाक्प्रचार आला, एखादा दुसऱ्या धर्माचा असेल तर 'तो दुसऱ्या पायाने खणतो'. प्रोटेस्टंट लोक कॅथलिकांना 'डाव्या पायाचे' म्हणायचे. एव्हान्सच्या सिद्धांताच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडचा पुरावा एकाच वाक्यात. खणतात सगळेच.

बेलफास्टजवळ कल्ट्राला अल्स्टर फोक म्युझियम आहे, १९५८ च्या कायद्याने स्थापन झालं, १९६४ ला उघडलं, त्यामागे एव्हान्सचा मोठा रेटा. जुनी घरं दगड दगड सोडवून तिथे आणून परत रचलेली आहेत. वायव्येकडच्या घरात चुलीजवळ भिंत बाहेर काढून केलेला कोनाडा असतो, त्यात म्हाताऱ्यांची खाट, आयरिशमध्ये त्याला कायलाख म्हणतात, म्हणजे म्हातारीच. त्यात एक माणूस झोपला की त्याला चुलीची ऊब आणि घरातलं सगळं बोलणं, दोन्ही मिळतं.

आणि टाउनलँड. आयर्लंडमध्ये ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, छोटी छोटी जमिनीची एककं, बहुतेकांची नावं आयरिश, बॅली म्हणजे वस्ती, ड्रम म्हणजे पाठ किंवा कणा, तोच ड्रमलिनमधला. १९७० च्या दशकात पोस्टाने नॉर्दर्न आयर्लंडमध्ये पत्त्यातून ही नावं काढून रस्त्यांची नावं, घरनंबर, पोस्टकोड आणायचं ठरवलं. बाहेर कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात गोळीबार चालू होता त्या वर्षांमध्ये या नावांसाठी दोन्ही पायांनी खणणारे लोक एकत्र आले. फर्मॅना काउंटीने तर पत्त्यातली नावं सोडलीच नाहीत.

शेवटी परत त्या लॉर्ड हिलकडे जातो. त्याने घोळका मोडला, घरं सुटी केली. आणि त्यानेच लिहून ठेवलंय की लोकांना मोठं दुःख याचं झालं, आता संध्याकाळी बसून गप्पा मारता येणार नाहीत याचं. पण घर हलवायचं ठरलं की घरवाला एक फिडलवाला ठरवायचा, सगळं शेजार जमायचं, दगड आणि लाकडं पाठीवर घेऊन नव्या जागी न्यायचे, बायका-पोरं सगळी, थोडा वेळ ओझं, थोडा वेळ नाच, उजेड असेपर्यंत. मग कुणाच्या तरी घरात जाऊन पहाटेपर्यंत नाचायचे.